दोन लेटरहेडांचा डॉग क्लब

कुत्रं पाळणाऱ्या घरातला सोफा कितीही झटका, केस काही संपत नाहीत. आमच्या डॉग क्लबच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून होतो न होतो तोच त्याच्या खालून दुसरा निघतो. दुसरा रंगात येतो तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "काका, तो एसटीचा सांगा ना!" आणि माझा चहा गार होतो.

हल्ली क्लबात तरुण मंडळी पुष्कळ आहेत. सकाळी सातपासून व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुत्र्यांचे फोटो पडायला लागतात. मे महिन्यात दुपारी जळगावचा माणूस उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाही, आणि ही मंडळी हस्की पाळतात! बर्फातलं कुत्रं! शोच्या दिवशी कुत्रं गाडीत एसीत बसतं आणि मालक बाहेर उन्हात उभा राहून त्याच्यावर लक्ष ठेवतो. वर मला विचारतात, "काका, क्लबची सुरुवात कशी झाली?"

मी खरं सांगतो आणि त्यांना वाटतं, म्हातारा फेकतोय. फेकत नाही रे बाबांनो. थोडा मसाला घालत असेन, पण खान्देशात बिनतिखटाचा घास कोणाला उतरतो?

माझा जळगावात फोटो स्टुडिओ. अक्षर बरं आणि स्टुडिओत फोन, एवढ्या दोन गुणांवर मला क्लबचा सेक्रेटरी केलं. माझी डॉली तेव्हा पाच महिन्यांची होती. डॉबरमन म्हणून आणली होती. ती जशी वाढत गेली तसा मी जातीचा विषय टाळत गेलो.

*

सुरुवात केली सोनवणे डॉक्टरांनी. पारोळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते. दिवसभर बैलाचं पोट आणि म्हशीचं बाळंतपण, पण माणसाचा जीव सगळा कुत्र्यांत. त्यांनी चौकशी करून ठेवली होती की शोमध्ये उभं करण्याजोगी कुत्री जळगावात साधारण पंधरा आणि धुळ्यात साधारण पंधरा.

आता पुण्याच्या मोठ्या संस्थेचा नियम असा, की रिंगमध्ये निदान तीस कुत्री उतरली तर शो अधिकृत. तरच ते जज पाठवणार, आणि तरच मिळालेलं बक्षीस कुत्र्याच्या वंशावळीच्या कागदावर चढणार. म्हणजे जळगावला धुळ्यावाचून गती नाही आणि धुळ्याला जळगावावाचून. ही गोष्ट दोन्ही गावांना फार झोंबली.

पहिली मीटिंग पारोळ्याला, हायवेवरच्या एका हॉटेलात. पारोळा दोघांच्या मध्ये, म्हणून कोणी कोणाकडे गेलं असं व्हायला नको. जळगावकडून शांतिलालशेठ, कापडाचे मोठे व्यापारी, कडक इस्त्रीचा सफारी, चालले तरी घडी मोडत नाही असे. धुळ्याकडून नाना, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मध्ये डॉक्टर आणि शेवभाजी.

क्लबच्या नावात आधी कोण, यावर दीड तास गेला. शेठ म्हणाले, "मुळाक्षरांत ज आधी येतो." नाना म्हणाले, "नावमा धुळं पहिले नही ते मना राजा येणार नही!" राजा म्हणजे नानांचा अल्सेशियन. तो टेबलाखाली बसला होता आणि त्याचं मत कोणी विचारलं नाही.

शेवटी मीच तोडगा काढला. लेटरहेड दोन छापायचे. एकावर 'जळगाव-धुळे', दुसऱ्यावर 'धुळे-जळगाव'. ज्याला जो आवडेल त्याने तो वापरावा. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी दोन्ही लेटरहेडांवर एकेक अर्ज लिहून एकाच दिवशी पुण्याला पाठवला.

महिन्याभराने पुण्याहून दोन पत्रं आली. मजकूर दोन्हींत एकच. "आपल्या भागात असा एक क्लब आधीच स्थापन झाला आहे. आपण कृपया त्यात सामील व्हावे."

*

नाना आणि राजाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

राजा नानांना एका बदली होऊन गेलेल्या साहेबांनी दिला होता. पिल्लू होता तेव्हा, आणि सोबत त्याचे अस्सल कागद. आई, वडील, आजे, पणजे, सगळ्यांची इंग्रजी नावं. नानांनी तो कागद फ्रेम करून बैठकीत लावला. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा नाना मला एकेक पूर्वज वाचून दाखवत होते. आतून अक्का, म्हणजे नानांची बायको, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमना लगीननी पत्रिका कोठे शे, ते इचारा यास्ले! आन् कुत्रानी पत्रिका काचमा!"

नानांनी एकदा राजाला पुण्याच्या शोला नेलं होतं. बस पंक्चर झाली, नाव नोंदवायची वेळ टळून गेली आणि यांना गेटवरूनच परत पाठवलं. त्यांनी कुंपणाबाहेरून शो पाहिला. जिंकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याशी फितीचं मोठं फूल लावतात, ते पाहिलं. तेव्हापासून या माणसाला दुसरा विषय नाही.

"मले बाकी काही नको, भाऊ," ते मला म्हणाले. "मना राजाले ते फूल एकदाव लागाले पाहिजे. बठ्ठासना समोर." बठ्ठासना, म्हणजे सगळ्यांच्या.

राजा तेव्हा सात वर्षांचा होता. कुत्र्याची सात वर्षं म्हणजे काय ते डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं. नानांनाही माहीत असणारच. नुसत्या हौसेपोटी त्या माणसाने तो क्लब उभा करायला एवढ्या खेपा घातल्या नसत्या.

आणि त्यांच्या आड कोण, तर शांतिलालशेठ. त्यांनी मीटिंगनंतर दोन महिन्यांत दिल्लीहून अल्सेशियनचं पिल्लू मागवलं, टायगर. पुढच्या मीटिंगला ते नानांना म्हणाले, "नाना, तुमचा राजा म्हातारा होतोय आणि माझा टायगर तरुण होतोय. मला काही करायची गरजच नाही." नानांनी तिथून पुढे शेठांच्या टेबलावर चहा घेणं सोडलं. पारोळ्याच्या त्या हॉटेलात आमचा क्लब चार वर्षं दोन टेबलांवर बसायचा.

*

हां, तो एसटीचा.

नानांनी राजाला कंडक्टरच्या पद्धतीने शिकवलं होतं. खिशात सायकलची घंटी. एकदा वाजवली की थांब, दोनदा वाजवली की चल. 'बस', 'ऊठ' असल्या भाषेशी राजाचा काही संबंध नव्हता. सिंगल बेल, डबल बेल. संपला कारभार.

एकदा मीटिंगसाठी नाना राजाला घेऊन धुळ्याहून एसटीने निघाले. त्याच बसने सोनवणे डॉक्टरही येत होते, मागच्या सीटवर, पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. पारोळा स्टँडवर गाडी थांबायची म्हणून कंडक्टरने एक बेल मारली. गाडी थांबली. नाना खाली उतरले. आणि राजा दारातच, पायरीवर, पुतळ्यासारखा उभा!

सिंगल बेल झाली होती ना. तो कशाला हलतोय!

नानांनी खिसे चाचपले. घंटी घरी राहिलेली. मागे उतरणाऱ्यांची गर्दी. कोणी म्हणतंय ढकला, कोणी म्हणतंय चावेल. नानांनी खालून कंडक्टरला ओरडून सांगितलं, "दादा, डबल मारा! डबल मारा, उतरी जाई!"

कंडक्टर बिचारा भांबावलेला. त्याने दोरी ओढली. टण टण! राजा तत्काळ खाली उतरला, आणि ड्रायव्हरने तत्काळ गाडी सोडली.

पारोळ्याला उतरणारे सहा प्रवासी पुढे गेले. त्यांतले एक झोपलेले होते आणि मीटिंगचे अध्यक्ष होते.

*

पहिला शो जळगावला झाला, एका शाळेच्या मैदानावर. पुण्याहून जज म्हणून एक रिटायर मेजरसाहेब आले. मोठ्या मिशा, हातात वही, तोंडावर हसू नाही.

चूक माझी होती, कबूल करतो. पत्रक मी लिहिलं होतं. त्यात मी एक ओळ टाकली, "कुत्रा स्वच्छ धुऊन, नीट तयार करून आणावा." आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे जनावर धुऊन, तयार करून चार लोकांसमोर मिरवायला नेतात ते कधी? पोळ्याला! माझं पत्रक वाचून सगळ्यांना तेच सुचलं, आणि मला सुचलं नव्हतं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सकाळी मैदानावर कुत्री यायला लागली. कोणाच्या पाठीवर आरशांची झूल, कोणाच्या गळ्यात घुंगरमाळ, कोणाच्या कपाळाला बाशिंग. शेठांचा टायगर तर दुकानातल्या जरीच्या कापडात शिवून काढल्यासारखा, नुसतं नाक बाहेर. नानांनी राजाच्या अंगभर गेरूच्या पंजाचे ठसे उठवले होते. शिंगं नव्हती म्हणून नखांना सोनेरी रंग! सोनवणे डॉक्टर कपाळाला हात लावून खुर्चीवर बसले.

मेजरसाहेब टायगरभोवती एक फेरी मारून शेठांना म्हणाले, "छान आहे. आत कुत्रा आहे ना?"

नंतर ते एकेका कुत्र्याचे दात तपासायला लागले. दात म्हटल्यावर आमचा शेतकरी खुलला! बैलाचं वय दातांवरून ठरतं, सगळे दात आले की तो 'जुळला', त्यात त्याला कोण शिकवणार? धरणगावच्या एका पाटलांनी आपल्या कुत्र्याचा जबडा स्वतःच फाकवला आणि मेजरसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "चार दाती शे, साहेब! पुढना साल जुळी जाई! निर्धास्त ऱ्हावा!"

राजाची पाळी आली. राजा उभा राहिला तो मात्र असा, की माणसं टाचा उंचावून बघायला लागली. खरोखर देखणा होता हो तो. मेजरसाहेबांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच वही काखेत घेतली आणि दोन्ही हात राजाच्या पाठीवरून फिरवले. हात उचलले तेव्हा ते मनगटापर्यंत लाल.

त्यांनी रुमाल काढला, हात पुसले, वही उघडली. अल्सेशियनच्या गटात त्या वर्षी कोणालाच नंबर दिला नाही. राजाचा फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे. 'केसांचा रंग' या रकान्यात मेजरसाहेबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द आहे.

"ओला."

*

त्याच दिवशी आणखी एक झालं. कुत्री मोजली तर एकोणतीस! धुळ्याचं एक पॉमेरेनियन येता येता गाडीत आजारी पडलं होतं. एक कुत्रं कमी म्हणजे सगळा शो बेकायदेशीर.

डॉक्टरांनी मैदानात नजर फिरवली. नशिराबादचे भागवतआबा नावाचे एक शेतकरी नुसते बघायला आले होते, आणि त्यांचं कुत्रं त्यांच्या मागून चालत आलं होतं. पिवळट, सडपातळ, एक कान उभा. डॉक्टरांनी आबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. आबा म्हणाले, "लिहा की. त्याचं काय जातंय?"

मी फॉर्म भरायला बसलो. कुत्र्याचं नाव? "नाव नाही ठेवलं. हाक मारली की येतं." बरं, आईचं नाव? "आमच्या गोठ्यातलीच. ती बी बिननावाची." आणि वडील?

आबांनी बराच विचार केला. खोटं लिहून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"सांगता येत नई," ते म्हणाले. "गावात दोघांवर संशय आहे."

मी तसंच लिहिलं. मेजरसाहेबांनी तो फॉर्म दोनदा वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. जाताना म्हणाले, "तीस फॉर्ममधला हा एकच मला पूर्ण खरा वाटला." आमचा पहिला शो असा अधिकृत झाला.

*

पुढच्या वर्षी पोळा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दर रविवारी पारोळ्याच्या दवाखान्यामागच्या पटांगणात शिकवणी लावली. कुत्र्याला जजसमोर नीट उभं करायचं असेल तर समोर खाऊ धरायचा. डॉक्टर उकडलेली कलेजी घेऊन आले.

शेठ दोन पावलं मागे सरले. "डॉक्टर, माझा टायगर शुद्ध शाकाहारी आहे. सूर्यास्तानंतर तर तो जेवतच नाही."

"त्याला माहीत आहे का हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घरात राहतो तो. माहीत कसं नसेल?"

मग खाऊ काय? कांदा-लसूण नको, बटाटा नको. शेठांनीच मार्ग काढला. पुढच्या रविवारी ते केळी वेफर्सची पाकिटं घेऊन आले. जळगावात केळ्याला काय तोटा! टायगरने पाकिटाचा आवाज ऐकला आणि पाय जुळवून, मान उंच करून, कान टवकारून असा उभा राहिला की कॅलेंडरवर छापावा. बाकीच्यांनी बघितलं आणि कलेजी बंद झाली. आमच्या डॉलीलासुद्धा दोन महिन्यांत शिस्त लागली.

एकटे नाना अडून बसले. "शेटजीना घरनं मना राजा काहीच खास नही!" ते राजाला घेऊन पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जात आणि खिशातली घंटी वाजवत. राजा शेठांच्या घरचं काही खात नाही हे त्यांनी आम्हा प्रत्येकाला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

दुसरा शो धुळ्याला. नानांचं गाव, नानांचं मैदान. झूल नाही, गेरू नाही. राजाला आठ दिवस रोज खोबरेल तेलाचा हात. मेजरसाहेब पुन्हा आले. यंदा टायगर पोरकट दिसत होता आणि राजा एकदम भरदार. शेठांचा चेहराही पडला होता. डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "यंदा नानांचं काम झालं."

मेजरसाहेब राजासमोर आले. त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात मागे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं.

रिंगमधली सगळी कुत्री एका क्षणात वळली! प्रेक्षकांकडे तोंड, पाय जुळवलेले, माना ताठ. आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत निश्चल उभा कोण, तर शेठांच्या घरचं काही न खाणारा राजा! नाना घंटी वाजवतायत, राजा ढिम्म. मेजरसाहेबांना दिसत होती फक्त शेपटी.

ते दोन मिनिटं थांबले. मग वहीत काहीतरी लिहीत नानांना म्हणाले, "मागून फार छान आहे. पुढून बघायचा योग येईल तेव्हा बघू."

नाना लालबुंद होऊन वळले, पाकीट कोणी फोडलं ते बघायला. पहिल्या रांगेत अक्का बसल्या होत्या. मांडीवर नातू, नातवाच्या हातात वेफर्स. त्यानंतर चार दिवस नाना घरात फक्त राजाशी बोलले.

*

हे सगळं सांगताना हसू येतं खरं, पण आत कुठेतरी दुखतंही. सोनवणे डॉक्टर रिटायर झाल्यावर नाशिकला मुलाकडे गेले, आता फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. मेजरसाहेबांनी वयामुळे येणं थांबवलं. पारोळ्याचं ते हॉटेल पाडून तिथे मोठा पेट्रोल पंप झालाय. आणि नाना नाहीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्हाला कुत्र्यांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आजची मुलं मोबाइलवर सगळं शिकून येतात, त्यांचे शो आमच्यापेक्षा शंभरपट चांगले होतात. तरी मला विचाराल तर मला ते गेरू लावलेले दिवस परत हवेत. आहे हे असं आहे.

शेठ मात्र आहेत. ऐंशी उलटली, अजून दुकानाच्या गादीवर बसतात, सफारी अजून कडक. त्यांच्यासमोर मी पुढचा किस्सा कधी काढत नाही. एकदा काढला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि गिऱ्हाइकाला साड्या दाखवायला लागले.

*

तर, चौथ्या वर्षीचा शो. जळगाव. तिसऱ्या वर्षी दुष्काळामुळे शो झालाच नव्हता, आणि नानांचं ते एक वर्ष फुकट गेलं होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. त्या वर्षीचं अल्सेशियनचं फूल शेठांच्या टायगरला मिळालं. रीतसर मिळालं. किस्सा तो नाही.

राजा दहा वर्षांचा झाला होता. तोंडाभोवती पांढरं आलेलं. सकाळी मी स्टुडिओतून कॅमेरा घेऊन मैदानावर पोचलो तर नाना त्याला एका कोपऱ्यात फिरवत होते. राजाचा मागचा डावा पाय नीट टेकत नव्हता. थंडीत सांधा धरायचा. डॉक्टरांनी बघितलं आणि हळूच म्हणाले, "नाना, उभा राहिला तर कोणाला कळणार नाही. पण जज चालवून बघतील."

ही शेवटची खेप, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी राजा रिंगमध्ये येणार नव्हता.

त्या वर्षी जज नव्या होत्या, पुण्याच्याच एक बाई. डोळे घारीसारखे, पण बोलणं मऊ. अल्सेशियनच्या गटात शेवटी दोनच कुत्री राहिली, राजा आणि टायगर. आधी उभं करून बघितलं. बाई राजासमोर बराच वेळ थांबल्या. नंतर म्हणाल्या, "आजोबा, जरा चालवून दाखवा."

नानांनी साखळी धरली, टण टण केलं आणि चालायला लागले.

आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. नाना लंगडत होते! धडधाकट माणूस, आयुष्यभर चालत्या बसमध्ये उभा राहून तिकिटं फाडलेला, सकाळी आमच्यादेखत मैदानाला दोन फेऱ्या मारलेला. आता डावा पाय ओढत, राजाच्या पावलाला पाऊल मिळवून लंगडत होता. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पायाने अधू आहे आणि गुणी कुत्रं मालकाच्या चालीने चालतंय.

बाईंना खरं सांगायला धुळ्याचं कोणी पुढे आलं नाही, जळगावचंही नाही.

नाना फेरी पुरी करून आले. बाईंच्या डोळ्यांत माया होती. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या पायाला त्रास आहे, त्यामुळे मला याची चाल नीट कळत नाही. याच्यावर अन्याय नको व्हायला. दुसऱ्या कोणाला तरी साखळी देता का?"

नानांचा चेहरा मी आजवर विसरलो नाही. त्यांनी साखळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. आम्ही खाली बघायला लागलो. आत जायचं कोणी? जो जाईल तो सरळ चालणार, आणि सरळ चालला की संपलं.

तेवढ्यात शेठांनी टायगरची साखळी सुनेच्या हातात दिली आणि ते रिंगमध्ये आले. डॉक्टर पुटपुटले, "अरे, हे कशाला?" चार वर्षं एका टेबलावर चहा न घेतलेली माणसं समोरासमोर उभी राहिली.

"द्या, नाना," शेठ म्हणाले.

नाना साखळी सोडेनात. शेठांनी ती हळूच त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली. डबल बेलची घंटीही मागून घेतली. टण टण.

पहिलं पाऊल सरळ. दुसरं सरळ. राजाचा मागचा पाय लचकला, आणि तो सगळ्या मैदानाला दिसला. बाईंनी वहीकडे बघितलं.

तिसऱ्या पावलाला शांतिलालशेठ लंगडायला लागले.

कडक सफारी, डोक्यावर पांढरी टोपी, चालले तरी घडी न मोडणारा तो माणूस कमरेत वाकून, पाय घासत, भर मैदानात, गावातल्या सगळ्या व्यापाऱ्यांसमोर लंगडत निघाला. सून तोंडावर पदर धरून बघतेय. बाईंचं पेन हवेतच.

आणि रिंगच्या दोराला धरून उभे असलेले नाना जिवाच्या आकांताने ओरडले,

"डावा, शेटजी, डावा! उजवा नही! डावा पाय!"